तोफखान्यातली नमाज

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये कुणाला नावाने हाक मारायची पद्धतच नव्हती. ज्या त्या बाई आपापल्या विषयाच्या नावाने ओळखल्या जायच्या. गणित, भूगोल, चित्रकला आणि मी मराठी. 'मराठी, चहा घेतेस का गं?' ही हाक मी जवळजवळ तीस वर्षं ऐकली. नवे पालक मात्र वर्गाच्या दारात जरा घुटमळायचे. खानबाई, आणि मराठी शिकवतात? एका गृहस्थांनी तर कौतुकानेच विचारलं, 'बाई, तुमचं मराठी फार छान आहे, कुठं शिकलात?' मी म्हटलं, 'इथंच, नगरात. तुम्ही कुठं शिकलात?' हा अनुभव माझ्या एकटीचा नाही. हा अंक वाचणाऱ्या प्रत्येकाच्या गाठीशी असे दोन-चार गृहस्थ असतीलच.

निवृत्त झाल्यावर आम्ही चौघींनी भिशी लावली. आधी भिशीच्या पैशातून सोनं घ्यायचं ठरत होतं. एके दिवशी भूगोल म्हणाली, 'तीस वर्षं मी नकाशावर पट्टी ठेवून पोरींना बॉस्फरसची सामुद्रधुनी दाखवली. अर्धं शहर युरोपात, अर्धं आशियात. एकदा ती जागा पायाने बघायची आहे.' गणिताने लगेच हिशेब मांडला. उन्हाळ्यात भाडी दीडपट होतात, हिवाळ्यात परवडेल. अशा रीतीने जानेवारी २०२० मध्ये चार निवृत्त शिक्षिका, स्वेटर आणि कानटोप्यांनी फुगलेल्या बॅगा घेऊन, इस्तंबूलला निघाल्या.

घरी माझ्या धाकट्या भावाला हे फारसं रुचलं नाही. 'आपा, पैले उमरा करो ना. तुर्कस्तान में क्या रखा है?' त्याचं म्हणणं अगदीच चूक नव्हतं. बिरादरीतही कुजबुज झाली की पैसे होते तर मक्का-मदिना सोडून ही कुठं निघाली, आणि तीही कुणाबरोबर! मी उत्तर दिलं नाही. पासपोर्ट नवा काढला होता. ते दिवस कागदपत्रांच्या चर्चेचे होते, घराघरात जन्माचे दाखले शोधले जात होते. भाऊच शेवटी म्हणाला, 'जाव तुम, पर वो पासपोर्ट संभालके रखो. काम आयेगा.'

मुंबईहून विमानाने सहा-सात तासांत आम्ही पोचलो. सिर्केजी नावाच्या भागात, जुन्या रेल्वे स्टेशनजवळ आमचं हॉटेल होतं. बर्फ दिसेल या आशेने गेलो होतो, तो काही पडला नाही. पण हाडात शिरणारा ओला वारा आणि बारीक पाऊस रोजचाच. त्या देशाने २०१६ पासून वर्षभर एकच घड्याळ ठेवलं आहे, त्यामुळे हिवाळ्यात सकाळचे आठ वाजले तरी बाहेर अंधार. फजरची अजान जवळपास सातला व्हायची. पहिल्या दिवशी मी सवयीने पाचला उठून बसले आणि दोन तास खिडकीतून ओल्या रस्त्यावरचे दिवे पाहत राहिले.

खाण्याची मला काळजी नव्हती, गणिताची होती. ती शाकाहारी. पण तिथल्या प्रत्येक खानावळीत मसुराचं सूप मिळतं, वर लिंबू पिळून. गणिताने पहिला घोट घेतला आणि म्हणाली, 'अगं, ही तर आमटीच, फोडणी राहिलेली.' मग आठवडाभर तिने आमटीच खाल्ली. तीळ लावलेली पावाची मोठी कडी मिळते, तिला ते सिमित म्हणतात. बोझा नावाचं एक घट्ट, आंबूस, आंबवलेलं पेय हिवाळ्यात पितात. वेफा भागात १८७६ पासून त्याचं एक दुकान आहे. पेल्यात वर दालचिनी आणि चक्क फुटाणे. चित्रकला म्हणाली, 'घरी सांगू नका, पण मला हे आवडलं नाही.' फुटाणे मात्र तिने माझ्याही पेल्यातले वेचून खाल्ले.

माझा उद्योग वेगळा चालला होता. मी वहीत शब्द टिपत होते. दुकानाला दुक्कान, मैदानाला मेयदान, साबणाला साबुन, आठवड्याला हफ्ता. फळाला मेयवे म्हणजे आपला मेवा. लहान थैलीला केसे, आपला खिसा तोच. आणि पाठीवर ओझं वाहणारा तो तिथंही हमालच. मार्केट यार्डातल्या हमालाला आणि गलात्याच्या चढावरच्या हमालाला एकच नाव आहे, हे कळलं तेव्हा मला उगाच आनंद झाला. भूगोल चिडवायची, 'मराठी, तू निवृत्त झालीस, आता तपासायच्या वह्या नाहीत.'

निळी मशीद पाहायला गेलो तर दुरुस्ती चाललेली, आतून लोखंडी सांगाडा उभारलेला, घुमटाचा एखादाच तुकडा दिसत होता. आयासोफिया तेव्हा संग्रहालय होतं. त्याच वर्षी जुलैत त्याची पुन्हा मशीद झाली आणि माझ्या फोनवर अभिनंदनाचे निरोप आले. मी एकालाही उत्तर दिलं नाही. प्रार्थनेची जागा हातची गेली की काय वाटतं, हे निदान आपल्याला तरी कुणी सांगायला नको.

चौथ्या दिवशी संक्रांत होती. गणिताने घरून तिळगुळाचा डबा आणला होता आणि प्रत्येकीच्या पर्समध्ये पुडी बांधून दिली होती. त्या दिवशी आम्ही ट्राममध्ये बसलो. एमिनोनू गेलं, पूल ओलांडला, काराकोय गेलं. आणि ट्राममधली बाई गोड आवाजात म्हणाली, 'तोपहाने.'

आम्ही चौघींनी एकमेकींकडे पाहिलं. 'तोफखाना?' भूगोल ओरडली, 'उतरा, उतरा, तोफखाना आला!' आमची शाळेची रोजची वाट नगरच्या तोफखान्यातून जायची. वीस-पंचवीस वर्षं त्या रस्त्यावर भाजी घेतली, चपला दुरुस्त केल्या, पावसात साड्या भिजवल्या. (२०२४ मध्ये शहराचं नाव अहिल्यानगर झालं. आमच्या तोंडी मात्र नगरच बसलं आहे.) इथं उतरण्याचा बेत नव्हता, पण तोफखान्यातून सरळ पुढं कसं जायचं?

नाव फुकट नव्हतं. १४५३ साली सुलतान मेहमदने शहर जिंकल्यानंतर इथं तोफा ओतण्याचा कारखाना सुरू झाला. रस्त्याच्या वरच्या अंगाला पाच घुमटांची त्याची नंतरची इमारत अजून उभी आहे. मला विजापूरची मुलूखमैदान आठवली. शाळेची सहल नेली तेव्हा पोरी त्या तोफेच्या जबड्यासमोर रांगेने फोटो काढत होत्या. सिंहासारखा तो जबडा, दातांत हत्ती चिरडलेला. ही तोफ विजापूरची नाही, आमच्या नगरची. १५४९ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या काळात ती नगरात ओतली गेली आणि ओतणाऱ्याचं नाव महंमद रूमी. रूमी म्हणजे रूमचा, तुर्कांच्या मुलखातला. म्हणजे या बाजूचा कुणी कारागीर पावणेपाचशे वर्षांपूर्वी आमच्या गावी येऊन पंचावन्न टनांची तोफ ओतून गेला. तो कुठल्या गल्लीतला, घरी कोण होतं, नगरचं पाणी त्याला मानवलं का, कुणी लिहून ठेवलेलं नाही. पुढं १८५४ मध्ये इंग्रजांनी त्या तोफेचा लिलाव मांडला तेव्हा दीडशे रुपयांची बोली आली होती. तो व्यवहार रद्द झाला म्हणून तोफ वाचली. गणित म्हणाली, 'टनाला तीन रुपयेसुद्धा नाही पडले!'

ट्रामच्या थांब्याला लागूनच मशीद आहे, किलिच अली पाशाची. हा अली पाशा मूळचा इटलीतला, गलबतावर वल्ही मारणारा गुलाम, पुढं मुसलमान झाला आणि उस्मानी आरमाराचा प्रमुख झाला. सांगतात की, मशिदीसाठी त्याने जागा मागितली तेव्हा उत्तर मिळालं, दर्यासारंग आहेस तर दर्यातच बांध. म्हणून त्याने समुद्रात भराव घालून तिथं मशीद उभी केली. बांधणारा मिमार सिनान. १५८० च्या सुमारास ती पुरी झाली तेव्हा सिनान नव्वदीच्या घरात होता. चित्रकला या सिनानसाठीच इस्तंबूलला आली होती असं म्हणायला हरकत नाही. तिने पिशवीतून चित्रांची वही काढली आणि पावसात उभी राहून रेघा मारायला लागली.

एवढ्यात जोहरची अजान झाली. लोक अंगणात येऊ लागले. त्यांत बायकाही होत्या. बाजाराच्या पिशव्या घेतलेली एक म्हातारी, ऑफिसातून आलेल्या दिसणाऱ्या दोन तरुणी. त्या नळावर वजू करून सरळ आत जात होत्या. मी दाराशी जाऊन थांबले. दाराला जाड पडदा होता. शेजारी एक वयस्क माणूस उभा होता. आता हा मला काहीतरी बोलेल, म्हणून मी आपोआप बाजूला सरकले. त्याने पडदा वर धरला आणि म्हणाला, 'बुयुरुन.' म्हणजे या ना.

मी मागे वळून पाहिलं. भूगोल म्हणाली, 'जा की. आम्ही मागे बसतो.'

आत बायकांची जागा मागेच होती, जाळीच्या आडोशाला. तिथंही मागेच, हे लिहिल्याशिवाय पुढं जाणं अप्रामाणिकपणाचं होईल. पण जाळीतून सगळं दिसत होतं. खाली लोंबकळणारे दिवे, मेहराबीच्या निळ्या फरशा, इमामाची पाठ. मुसाफिराला जोहरच्या फर्ज दोनच रकाती असतात, पण इमामाच्या मागे उभं राहिलं की पूर्ण चार. मी सफमध्ये उभी राहिले. पिशव्यावाल्या म्हातारीने माझ्या कोटाची बाही धरून मला जवळ ओढलं, खांद्याला खांदा लागेल असं. शेजारी माणूस आहे, त्याच्या अंगाची ऊब लागते आहे, आणि एका आवाजावर सगळे वाकताहेत, हे माझ्या बासष्ट वर्षांच्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. दुसऱ्या रकातीत मला अम्मा आठवली आणि त्यानंतर मोजणी माझ्या हातात राहिली नाही. इमाम होता म्हणून निभावलं.

सलाम फिरवल्यावर म्हातारी माझ्याकडे वळून म्हणाली, 'अल्लाह कबूल एतसिन.' यातलं काय कळायचं राहिलं? मी पर्समधली पुडी काढली आणि तिच्या हातावर तिळगूळ ठेवला. 'गोड बोला' हे तुर्कीत कसं सांगायचं ते माझ्या वहीत नव्हतं. तिने लाडू निरखून पाहिला, 'सुसाम, सुसाम' म्हणाली, म्हणजे तीळ, आणि तोंडात टाकला. मग विचारलं, 'हिंदिस्तान?' मी मान डोलावली. तिने माझ्या गालाला हात लावला आणि पिशव्या उचलून निघून गेली.

बाहेर पायऱ्यांवर चपला घालताना भूगोलाने सहज विचारलं, 'नगरला तुमच्या गल्लीतली मशीद याहून लहान असेल ना गं? आतून कशी आहे?'

मी म्हटलं, 'माहीत नाही.'

'म्हणजे?'

'म्हणजे मी आत गेलेलीच नाही. आमच्याकडे बायका जात नाहीत.'

तिघी थांबल्या. तीस वर्षं एका डब्यात जेवलो, पण हे त्यांना ठाऊक नव्हतं. 'मला वाटायचं, तुम्ही जाता,' गणित म्हणाली. आणि मलाही त्या क्षणी जाणवलं की मी यांच्याबरोबर शिर्डी पाहिली, सिद्धटेक पाहिलं, देवगड, मोहटादेवी, माळीवाड्याचा गणपती पाहिला. पोरींच्या रांगा लावल्या, चपला सांभाळल्या, आतही गेले. दर्ग्यांना गेले, उंबऱ्यापर्यंत. पण घरापासून चाळीस पावलांवरची मशीद मी रस्त्यावरूनच ओळखते. पाच हजार किलोमीटरवरची आतून पाहून आले. चांदबिबीच्या गावची बाई मी. तिने १५९५-९६ च्या वेढ्यात किल्ल्याच्या भिंतीला पडलेलं खिंडार एका रात्रीत बुजवून घेतलं. माझ्याच्याने चार पायऱ्या चढवल्या नाहीत. आणि खरं सांगायचं तर कुणी अडवलंही नव्हतं. अडवायची वेळच आम्ही कधी येऊ दिली नव्हती.

अम्माचं सगळं आयुष्य त्या मशिदीच्या आवाजावर चाललं. अजानवर तिचं दूध तापायचं, अजानवर आम्ही उठायचो. रमजानमध्ये इफ्तारीचं ताट रोज मशिदीत जायचं, झाकलेलं, क्रोशाच्या रुमालाखाली. ताट आत जायचं, ते भरणारी बाहेर. १९८० च्या सुमारास मशिदीत नवी फरशी बसवायची ठरली तेव्हा अम्माने अंडी विकून साठवलेले पैसे दिले. फरशी बसल्यावर तिने भावाला विचारलं, 'रंग कैसा है रे?' तो म्हणाला, 'हरा है अम्मा, हरा.' अम्मा खूश झाली. पुढं कुणी शेजारीण आली की ती सांगायची, 'मस्जिद में हरी फरशी बैठाई.' २००४ मध्ये ती गेली.

हे मी त्या पायऱ्यांवर तिघींना सांगितलं. पाऊस चालूच होता. चित्रकलेने वही मिटून पिशवीत ठेवली आणि कुणीच काही बोललं नाही. नंतर चहा प्यायलो. दुसऱ्या दिवशी बोटीने उस्कुदारला गेलो आणि भूगोलाने आशियाच्या काठावर पाय ठेवून फोटो काढून घेतला. तिथली शाकिरीन मशीद २००९ ची, तिची आतली सजावट एका बाईने, झेनेप फादिल्लीओलू यांनी केलेली. झुंबर असं की वरून पाऊस पडता पडता थांबावा. एमिनोनूच्या पुलापाशी जी यनी जामी आहे, तिची सुरुवात १५९७ मध्ये एका सुलतानाच्या आईने केली आणि १६६० च्या दशकात दुसऱ्या सुलतानाच्या आईने ती पुरी केली. हे सगळं मी वहीत लिहून घेतलं. शब्द टिपायचे राहून गेले.

घरी आल्यावर भावाला सगळं सांगितलं. तो मशिदीच्या कमिटीत आहे. ऐकून म्हणाला, 'आपा, ये क्या नवा निकाली?' नवं काहीच नव्हतं. पैगंबरांच्या काळी मदिन्याच्या मशिदीत बायका मागच्या सफमध्ये उभ्या राहत. अल्लाहच्या बांद्यांना मशिदीपासून अडवू नका, ही हदीस त्यालाही पाठ आहे. हजरत उमर यांना आवडत नसूनही त्यांची बायको फजर आणि इशाला मशिदीत जायची, हेही त्याला माहीत आहे. पुण्याच्या एका दांपत्याने २०१९ मध्ये याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला होता. आम्ही परतलो त्याच जानेवारीच्या अखेरीस मुस्लिम पर्सनल लॉ बोर्डाने न्यायालयात लिहून दिलं की बायकांना मशिदीत येऊन नमाज पढायला मनाई नाही. भाऊ म्हणाला, 'मनाई नाही हे खरं. पण जागा कुठंय?'

मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि मशिदीच बंद झाल्या. भावाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की अजान ऐकू येते आणि जाता येत नाही म्हणजे काय. सुरुवातीचे दिवस तो दारात उभा राहायचा, अजान संपेपर्यंत. एप्रिलच्या शेवटी रमजान लागला. तरावीह घरातच. पुढच्या खोलीत तो इमाम, मागे त्याचा मुलगा, त्याच्या मागे मी, भावजय आणि दहावीतली भाची. महिनाभर अशी जमात झाली. नंतरही इशाची तशीच चालू राहिली. भाचीला त्याची सवयच झाली. चुकूनही तिची सफ वाकडी होत नसे.

१६ नोव्हेंबर २०२० ला महाराष्ट्रातली प्रार्थनास्थळं उघडली. त्या संध्याकाळी भाऊ आणि त्याचा मुलगा अत्तर लावून निघाले. भाची पुढच्या खोलीत चटई अंथरून उभी होती. तिने विचारलं, 'अब्बा, हमारी सफ?' भाऊ चपला घालत होता. तो तसाच निघून गेला, पण त्या रात्री उशिरापर्यंत जागा होता, हे मला त्याच्या खोकल्यावरून कळलं.

विषय कमिटीत त्यानेच मांडला. कुणी नाही म्हटलं नाही. हो म्हणायलाही कुणी पुढं आलं नाही. वरच्या मजल्यावर सामानाची एक खोली आहे, ती रिकामी करता येईल, पण बायकांसाठी बाहेरून वेगळा जिना पाहिजे, इथपर्यंत गाडी आली आहे. दरम्यान २०२१ मध्ये पुन्हा सगळं बंद झालं, पुन्हा उघडलं, एक वयस्क सभासद वारले, निवडणूक झाली. मोहल्ल्यातल्या बायकांनी वर्गणी काढली. कुणी पाचशे, कुणी पन्नास. एकीने अंड्यांचे पैसे आणून दिले तेव्हा मला तिच्याकडे पाहवेना.

मिस्त्री जिन्याचं माप घ्यायला आला त्या दिवशी भावाने मला बोलावलं. मी बाहेरच, बोळात उभी राहिले. खिडकी उघडी होती. आत पाहिलं तर फरशी करडी, मधे मधे पांढरे ठिपके. 'बदलली का रे मधे?' मी विचारलं. तो म्हणाला, 'नहीं आपा. वहीच है.' मग थोड्या वेळाने, मिस्त्रीकडे पाहत, 'अम्मा को हरा पसंद था ना.'

जिन्याचं अंदाजपत्रक आता तिसऱ्यांदा करून आणलं आहे. मागच्या आठवड्यात चहाला जमलो तेव्हा गणिताने ते चष्मा लावून तपासलं. म्हणाली, लोखंडाचा भाव जास्त लावलाय आणि दोन पायऱ्या दोनदा मोजल्यात. लाल पेनने खुणा करून तिने कागद परत दिला आहे. शुक्रवारी तो मी भावाकडे देणार आहे.